घरगुती समुद्री टाकीतील मऊ प्रवाळांची सुरक्षित अभिवृद्धी

उसाचे टिपरे सरीत दाबले म्हणजे त्याच्या डोळ्यातून नवे बेट उभे राहते. शेवग्याची फांदी पावसाळ्याच्या तोंडावर रोवली तर तिचे झाड होते. वनस्पतींची अशी शाखीय अभिवृद्धी शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. प्राणिसृष्टीतही असे काही जीव आहेत की, त्यांचा तुकडा मूळ शरीरापासून वेगळा केला असता तो मरत नाही, तर त्यापासून नवा, पूर्ण जीव तयार होतो. समुद्रातील मऊ प्रवाळ हे अशा जीवांपैकी होत.

शोभिवंत मत्स्यपालन हा आता अनेक ठिकाणी जोडधंदा झाला आहे. नवी मुंबईत ऐरोली येथे समुद्री शोभिवंत माशांचे पैदास केंद्रही उभे राहिले आहे. साहजिकच काही होतकरू तरुण घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतात, तीत माशांबरोबर प्रवाळ वाढवितात आणि ‘याची रोपे कशी करावी’ असा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यास विचारतात. या प्रश्नाचे अर्धे उत्तर सोपे आहे. धारदार पात्याने तुकडा कापावा, तो दगडावर बसवावा, एवढेच ते काम आहे आणि ते पाच मिनिटांत होते. परंतु कापण्यापूर्वीची तयारी आणि कापल्यानंतरची निगा यांस कित्येक आठवडे लागतात. तीत चूक झाली तर तुकडा कुजतो, टाकीतील इतर जीव दगावतात आणि काही प्रसंगी घरातील माणसांच्या जिवासही धोका पोहोचतो. सबब अभिवृद्धीची कृती आणि तिची सुरक्षितता या दोहोंचा विचार एकत्रच केला पाहिजे.

मऊ प्रवाळ म्हणजे काय

प्रवाळ हे दिसण्यात झाडासारखे किंवा छत्रीसारखे असले तरी ते वनस्पती नव्हेत. पॉलिप नावाच्या असंख्य लहान प्राण्यांची ती वसाहत होय. प्रत्येक पॉलिपला मध्यभागी तोंड असून त्याभोवती शुंडके असतात. खऱ्या मऊ प्रवाळाच्या पॉलिपला आठ शुंडके असतात व प्रत्येक शुंडकाच्या दोन्ही कडांना पिसासारखे फाटे असतात. ही ओळखीची खूण ध्यानात ठेवावी.

पाषाण-प्रवाळ चुन्याचा घट्ट सांगाडा तयार करतात व त्यांच्यापासूनच समुद्रात प्रवाळभिंती उभ्या राहतात. मऊ प्रवाळांस असा अखंड सांगाडा नसतो. त्यांच्या मांसल शरीरात चुन्याच्या सूक्ष्म काड्या विखुरलेल्या असतात व त्यांमुळे शरीरास थोडा ताठपणा येतो. म्हणूनच ते पात्याने सहज कापता येतात.

घरी ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक मऊ प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवल राहते. हे शैवल सूर्यप्रकाशात किंवा दिव्याच्या प्रकाशात अन्न तयार करते. त्यातील मोठा वाटा प्रवाळास मिळतो आणि त्याबदल्यात शैवलास आसरा व प्रवाळाच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये मिळतात. कडधान्याच्या मुळांवरील गाठींत जीवाणू राहतात व दोघांचाही लाभ होतो, तशाच प्रकारचे हे सहजीवन आहे. त्यामुळे या प्रवाळांस खाद्यापेक्षाही प्रकाशाची गरज अधिक असते.

तुकड्यापासून नवा जीव का होतो

प्रवाळांचा दूरचा नातलग असा हायड्रा नावाचा लहानसा प्राणी गोड्या पाण्याच्या डबक्यात आढळतो. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ अब्राहम ट्रेंब्ले हे हॉलंडमध्ये शिक्षकाचे काम करीत असताना त्यांनी १७४० साली हा जीव वनस्पती आहे की प्राणी आहे, हे ठरविण्यासाठी त्याचे दोन तुकडे केले. काही दिवसांत प्रत्येक तुकड्यापासून पूर्ण हायड्रा तयार झाला. आपले प्रयोग त्यांनी १७४४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. या वर्गातील प्राण्यांच्या शरीराची जडणघडण साधी असते आणि त्यांच्या ऊतींत नवे भाग निर्माण करण्याची मोठी शक्ती असते.

समुद्रात ही क्रिया आपोआप घडत असते. लाटेने फांदी तुटते, ती खडकावर पडते व तेथे चिकटून वाढू लागते. काही जाती आपल्या फांद्या स्वतःच गाळतात. मनुष्य टाकीत जे करतो ते याच नैसर्गिक क्रियेचे अनुकरण होय. फरक इतकाच की, समुद्रात जखमेतून निघालेला स्राव अथांग पाण्यात विरून जातो, तर टाकीतील दोनतीनशे लिटर पाण्यात तो साचून राहतो. टाकीतील बहुतेक अपघातांचे मूळ या एका फरकात आहे.

बेणे कोठून घ्यावे

चांगल्या पिकासाठी बेण्याची निवड महत्त्वाची असते. प्रवाळाच्या बाबतीत ती कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व पाषाण-प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. त्यांना समुद्रातून काढणे, जवळ बाळगणे किंवा विकणे हा गंभीर गुन्हा आहे. समुद्रपंखा कोणता आणि मऊ प्रवाळ कोणता हा भेद सामान्य माणसास पाण्यात पाहून करता येत नाही. म्हणून समुद्रातून कोणताही प्रवाळ, मग तो जिवंत असो वा मेलेला, काढूच नये, हाच नियम पाळावा.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. या प्रवाळांच्या आश्रयाने मासे वाढतात आणि ते पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तेथील एक तुकडा काढून घरच्या टाकीत आणणे म्हणजे गावाच्या सामाईक कुरणातील गवत मुळासकट उपटून नेण्यासारखे आहे. घरगुती अभिवृद्धीचे खरे मोल यातच आहे. टाकीत वाढलेल्या एकाच मूळ वसाहतीपासून वर्षानुवर्षे तुकडे मिळू शकतात व मग समुद्रास हात लावण्याचे कारण उरत नाही.

बेणे घ्यावयाचे ते दुसऱ्याच्या टाकीत वाढलेले, जातीची खात्री असलेले व पावतीसह घ्यावे. परदेशातून आलेले असल्यास आयातीची कागदपत्रे पाहावीत. शंका असेल तर खरेदीपूर्वी वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारणा करावी. विक्रेता जातीचे नाव किंवा मूळ ठिकाण सांगू शकत नसेल तर खरेदी करू नये.

टाकीची पूर्वतयारी

नव्या टाकीत प्रवाळ कापणे म्हणजे वाफसा न येता पेरणी करणे होय. टाकीतील माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जमिनीत अमोनियम सल्फेट टाकले असता जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. टाकीतील दगडांवर व वाळूत हीच क्रिया घडते. मात्र हे जीवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट हे तपासणीत शून्य आल्याखेरीज टाकीत प्रवाळ ठेवू नये आणि प्रवाळ ठेवल्यानंतरही तो कित्येक आठवडे नियमितपणे फुललेला राहतो असे दिसल्याखेरीज त्यावर पाते चालवू नये.

पाण्याचे प्रमाण पुढीलप्रमाणे राखावे. क्षारता दर हजारी सुमारे ३५ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ असावे. तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस व सामू ८.१ ते ८.४ यांच्या दरम्यान असावा. समुद्री पाणी तयार करण्यासाठी मत्स्यालयासाठी मिळणारे मिश्र मीठ आर.ओ. यंत्राच्या पाण्यात विरघळवावे. खाण्याच्या मिठात समुद्राच्या पाण्यातील इतर क्षार नसल्याने ते चालत नाही. क्लोरीनयुक्त नळाचे पाणीही थेट वापरू नये.

आपल्याकडील उन्हाळा ही या टाकीची मोठी अडचण आहे. पाण्याचे तापमान ३० अंशांच्या वर गेले व तसेच राहिले तर प्रवाळ आपल्या शरीरातील शैवल गमावतो व पांढरा पडतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास तापमान काही अंशांनी उतरते, परंतु बाष्पीभवन वाढते. मिठागरात पाणी उडून जाते व मीठ मागे राहते, तसेच येथेही होते. सबब रोज उडालेल्या पाण्याची भर गोड्या, शुद्ध पाण्यानेच करावी, खाऱ्या पाण्याने करू नये. वीज गेली असता पाण्यातील प्राणवायू झपाट्याने कमी होतो. यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा.

लागणारे साहित्य

शस्त्रक्रियेचे किंवा दाढीचे नवे पाते, प्लॅस्टिकची तीन वाडगी, चिमटा, रबरी हातमोजे, डोळ्यांना सर्व बाजूंनी झाकणारा चष्मा, शंखशिंपल्यांचे खडे, मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, रबर, बांबूच्या बारीक काड्या, लगेच चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा दाट डिंक आणि मत्स्यालयासाठीचा सक्रिय कोळसा एवढे साहित्य पुरते. तिन्ही वाडगी टाकीतीलच पाण्याने भरून ठेवावीत. स्वयंपाकघरातील भांडी, सुरी व पाट यांचा या कामासाठी कधीही उपयोग करू नये.

तुकडे बसविण्यासाठी सिमेंटच्या लहान चकत्या घरी करता येतात. मात्र ताज्या सिमेंटमुळे पाण्याचा सामू धोकादायक प्रमाणात वाढतो. म्हणून चकत्या वाळल्यावर गोड्या पाण्यात चार ते सहा आठवडे बुडवून ठेवाव्यात, अधूनमधून पाणी बदलावे व शेवटच्या पाण्याचा सामू तपासूनच त्या वापराव्यात.

जातीनुसार पद्धती

फळझाडांत पेरूचे दाब कलम व अंजिराचे छाट कलम करतात. एकच रीत सर्वांस लागू पडत नाही. प्रवाळाच्या बाबतीतही जात पाहून पद्धत ठरवावी.

छत्री प्रवाळ (सार्कोफायटॉन): ही जात नवशिक्यास सर्वांत सोयीची होय. खाली जाड देठ व वर छत्रीसारखा पसरट भाग असतो. वसाहत वाडग्यात घेतल्यावर ती अंग आखडून घेते. ती पूर्ण आखडेपर्यंत थांबावे. त्यानंतर छत्रीच्या कडेचा पट्टा किंवा संपूर्ण छत्री एकाच सफाईदार कापाने वेगळी करावी. पाते पुढेमागे करवतीसारखे ओढू नये, कारण चुरगळलेली ऊती लवकर कुजते. छत्रीचे भाकरीच्या चतकोरासारखे तुकडे करावेत व प्रत्येक तुकडा दोनतीन सेंटिमीटरांपेक्षा लहान नसावा. दगडावर राहिलेल्या देठास पुढे नवी छत्री फुटते. या प्रवाळाच्या अंगावर बुळबुळीत स्राव असल्यामुळे त्यास डिंक धरत नाही. तुकड्यातून बांबूची काडी आरपार घालून ती रबराने दगडास बांधावी किंवा तुकडा खड्यावर ठेवून वरून मच्छरदाणीची जाळी सैलसर बांधावी. रबर घट्ट ओढल्यास ते मांसात रुतून तुकड्याचे दोन भाग होतात. एकदोन आठवड्यांत तुकडा चिकटला म्हणजे बांधणी सोडावी.

फांद्यांचे प्रवाळ (सिन्युलारिया, कॅपनेला): छाट कलमासारखी एखादी फांदी बुडाशी कापून वरीलप्रमाणेच बांधावी. कॅपनेला जातीच्या लहान फांद्या आपोआप गळतात. त्या वेचून खड्यांवर ठेवल्या तरी पुरते व कापण्याची गरजही पडत नाही.

हिरवा तारा प्रवाळ: हा जांभळट सालीसारखा पसरतो व त्यातून हिरवे पॉलिप वर येतात. हिरवळीच्या लाद्या काढाव्यात तशी याची साल पात्याने सोडवून तिचे तुकडे करावेत. ही साल चिवट असल्याने ती डिंकाने चकतीवर बसते. डिंक सालीच्या खालच्या बाजूसच लावावा. ही जात हरळीसारखी फैलावते, म्हणून तिचा दगड इतर दगडांपासून दूर, एकटाच ठेवावा.

झेनिया: हिचे पॉलिप मुठीसारखे सतत उघडझाप करतात. ही जात नाजूक असून कापण्याचा व हाताळण्याचा धक्का तिला सोसत नाही. पुष्कळदा ती एका दिवसात विरघळल्यासारखी होऊन नाहीशी होते. तिच्यासाठी दाब कलमाची रीत योग्य होय. मूळ वसाहतीस टेकवून एक मोकळा दगड ठेवावा. काही आठवड्यांत झेनिया त्यावर सरकते. नव्या दगडावर तिचा पाया पक्का झाला म्हणजे मधला दुवा कापून दगड दूर करावा.

डिस्कोसोमा: अळंब्याच्या टोपीसारख्या दिसणाऱ्या या जीवास व्यवहारात प्रवाळ म्हणत असले तरी शास्त्रदृष्ट्या तो मऊ प्रवाळांच्या गटातील नव्हे. त्याचा सपाट भाग मध्यावरील तोंडातून कापून दोन किंवा चार भाग करावेत. प्रत्येक भागात तोंडाचा अंश आल्यास तो लवकर सावरतो. हे तुकडे खड्यांनी भरलेल्या लहान डब्यात ठेवावेत, वर जाळी लावावी व डबा मंद प्रवाहात ठेवावा. काही दिवसांनी ते आपणहून खड्यांस चिकटतात.

कोणत्याही जातीचे काम करताना कापणी टाकीबाहेर, पहिल्या वाडग्यात करावी. तुकडा दुसऱ्या व तिसऱ्या वाडग्यात हलवून धुवावा व मगच टाकीत न्यावा. वाडग्यांतील पाणी परत टाकीत ओतू नये. एका दिवशी एकाच जातीचे काम करावे व जाती बदलताना नवे पाते घ्यावे.

कापल्यानंतरची निगा

मऊ प्रवाळास काटे नाहीत, कवच नाही व पळताही येत नाही. त्याचे संरक्षण त्याच्या शरीरातील रासायनिक द्रव्ये करतात. सार्कोफायटॉन व सिन्युलारिया यांच्या शरीरात टर्पीन वर्गातील अनेक द्रव्ये असतात. त्यांमुळे मासे त्यांना खात नाहीत व शेजारचे पाषाण-प्रवाळ त्यांच्यापुढे माघार घेतात. कडूनिंबाची कडू द्रव्ये किडीस दूर ठेवतात, तसाच हा प्रकार आहे. कापतेवेळी ही द्रव्ये एकदम बाहेर पडतात. यासाठी कापणीच्या दिवशी टाकीच्या पाण्यातून सक्रिय कोळशाची पिशवी फिरती ठेवावी व काही दिवसांनी कोळसा बदलावा. फेस काढणारे प्रोटीन स्किमर यंत्र असल्यास ते चालू ठेवावे. दुसऱ्या दिवशी टाकीतील दहा ते वीस टक्के पाणी बदलावे. नवीन पाण्याची क्षारता व तापमान टाकीतल्याप्रमाणेच असावे.

तुकड्यावर मध्यम प्रवाह राहील अशी व्यवस्था करावी, म्हणजे जखमेवरील स्राव वाहून जातो. प्रवाहाचा थेट झोत मात्र नसावा. रोपवाटिकेतील रोपांवर प्रथम सावली धरतात, त्याप्रमाणे ताजे तुकडे काही दिवस मंद प्रकाशात ठेवून हळूहळू मूळ प्रकाशाकडे न्यावेत.

पहिले काही दिवस तुकडा मिटलेला राहिला तर घाबरू नये. छत्री प्रवाळ अधूनमधून अंगावरील मेणचट पापुद्रा टाकतो, त्यावेळी तो आठवडाभरही मिटलेला राहतो. हा रोग नव्हे. परंतु तुकडा तपकिरी, लिबलिबीत झाला व त्यास दुर्गंधी येऊ लागली तर तो निश्चितपणे कुजत आहे. सडका बटाटा ढिगात ठेवल्यास ढीग जातो. तो तुकडा त्याच क्षणी बाहेर काढावा व इतर तुकडे तपासावेत. मूळ वसाहत पूर्ववत फुलून तिने नवी वाढ धरल्याशिवाय तिच्यावर पुन्हा पाते चालवू नये.

माणसाची सुरक्षितता

हवाई बेटांपैकी मावी बेटावर हाना येथील एका लहानशा जागी सापडणाऱ्या समुद्री जीवास तेथील लोक प्राणघातक मानीत व त्याचे विष पूर्वी भाल्याच्या टोकांस लावीत असे सांगितले जाते. या जीवापासून १९७१ साली संशोधकांनी पॅलिटॉक्सिन हे द्रव्य वेगळे केले. आजवर ज्ञात असलेल्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. हा जीव म्हणजे पॅलिथोआ होय. त्याच्याच जवळचे झोअँथिड वर्गातील जीव त्यांच्या रंगीबेरंगी बटणांसारख्या पॉलिपांमुळे घरगुती टाक्यांत मोठ्या हौसेने ठेवले जातात. ते मऊ प्रवाळ नव्हेत, तथापि दुकानात त्यांच्याच शेजारी विकले जातात व पुष्कळदा विकत घेतलेल्या दगडाला चिकटून नकळत घरी येतात. त्यांच्या सर्वच जातींत हे विष सारख्या प्रमाणात नसते, परंतु डोळ्यांनी पाहून विषारी व निर्धोक यांतील फरक ओळखता येत नाही.

हे विष त्वचेवरील जखमेतून, डोळ्यांतून व श्वासावाटे शरीरात जाऊ शकते. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात २०१८ साली एका घरातील टाकीतून प्रवाळ काढून साफ करण्यात आल्यानंतर घरातील माणसे आजारी पडली. मदतीस आलेल्या अग्निशमन दलाच्या चार जणांसह एकूण दहा जणांना रुग्णालयात न्यावे लागले. हौसेने ठेवलेल्या टाकीमुळे असा प्रसंग ओढवू नये यासाठी पुढील नियम काटेकोरपणे पाळावेत.

(१) बटणांसारखे पॉलिप असलेले झोअँथिड घरी कापू नयेत. त्यांची अभिवृद्धी नवशिक्याने करूच नये.

(२) टाकीतील दगड कधीही उकळू नये, त्यावर उकळते पाणी ओतू नये, तो तव्यावर किंवा चुलीवर भाजू नये आणि उच्च दाबाच्या फवाऱ्याने धुऊ नये. वाफेबरोबर व तुषारांबरोबर विष हवेत पसरते. कोरडा दगड ब्रशने घासल्यासही त्याची धूळ उडते.

(३) काम करताना हातमोजे व चष्मा वापरावा, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि लहान मुले व पाळीव जनावरे दूर ठेवावीत. हाताला जखम असल्यास काम पुढे ढकलावे, कारण टाकीच्या पाण्यातील काही जीवाणूंमुळेही जखम चिघळते व दीर्घकाळ भरत नाही.

(४) पाणी काढण्यासाठी नळी तोंडाने ओढू नये.

(५) खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. टाकीत हात घालण्यापूर्वी शक्य ती सर्व उपकरणे बंद करावीत. विजेच्या तारेस बटणाखाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी बटणात न शिरता खाली गळते. जोडणीवर गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवून घ्यावे.

(६) काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. तोंडात कडू किंवा धातूसारखी चव येणे, अंगास मुंग्या येणे, स्नायू दुखणे, ताप, खोकला, दम लागणे, डोळे लाल होऊन दुखणे यांपैकी काहीही जाणवल्यास खोली सोडून मोकळ्या हवेत यावे व विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात पाणी उडाले असल्यास डोळा स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा. समुद्री टाकीत काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ही माहिती न मिळाल्यास हा आजार साध्या तापासारखा वाटून उपचारास उशीर होण्याचा संभव असतो.

जादा तुकडे व टाकाऊ पाणी

अभिवृद्धी यशस्वी झाली म्हणजे तुकडे जास्त होतात. ते समुद्रात किंवा खाडीत सोडण्याचा मोह कोणासही होऊ नये. व्हेनेझुएलाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर झेनियाच्या कुळातील युनोमिया हा मूळचा दूरच्या समुद्रातला मऊ प्रवाळ पसरला आहे. तो मत्स्यालयाच्या व्यापारातून तेथे आला असे मानले जाते. तेथील मूळ पाषाण-प्रवाळांस व समुद्री गवतास त्याने मोठ्या क्षेत्रावर झाकून टाकले आहे. गाजरगवत व जलपर्णी यांनी आपल्या शेतांची व जलाशयांची जी दशा केली ती शेतकऱ्याने पाहिलेलीच आहे. समुद्रात तर निंदणीही करता येत नाही. जादा तुकडे दुसऱ्या टाकीधारकास द्यावेत. घेणारा नसेल तर कापणीच करू नये.

बदललेल्या पाण्याचाही विचार केला पाहिजे. दर हजारी ३५ भाग क्षारतेच्या ४० लिटर पाण्यात सुमारे १ किलो ४०० ग्रॅम मीठ असते. हे पाणी दर पंधरवड्यास परसातल्या झाडांस, उकिरड्यावर किंवा विहिरीच्या काठी ओतले तर कालांतराने तेथील माती क्षारपड होते व विहिरीचे पाणी बिघडते. खेड्यात असे पाणी उथळ, पक्क्या तळाच्या हौदात उन्हाने आटवावे. त्यामुळे त्यातील तुकडे व सूक्ष्म जीव मरतात आणि मीठ कोरडे गोळा करता येते. ते मीठ जनावरांस किंवा माणसांस खाण्यासाठी वापरू नये व शेतातही टाकू नये.

जोडधंदा म्हणून विचार

या कामाकडे धंदा म्हणून पाहणाऱ्याने घाई करू नये. समुद्री टाकीस दिवे, पंप, मीठ व थंडावा यांचा खर्च सतत करावा लागतो. वीज दीर्घकाळ खंडित झाल्यास एका रात्रीत सारी वसाहत नष्ट होऊ शकते. ग्राहक प्रामुख्याने मोठ्या शहरांत असतात. यासाठी प्रथम एक लहान टाकी, एक निर्धोक जात व एक वर्षाचा अनुभव असा क्रम ठेवावा. प्रत्येक कापणीची तारीख, तुकड्यांची संख्या, जगलेले व मेलेले तुकडे, पाण्याची क्षारता, सामू व तापमान यांची नोंद वहीत करावी. वर्षअखेर त्या वहीवरूनच पुढे जावे की नाही हे ठरवावे. विक्री करण्यापूर्वी वन विभाग व मत्स्यव्यवसाय विभाग यांच्याकडून लागू असलेल्या नियमांची माहिती लेखी घ्यावी.

गावपातळीवरील विस्तार कार्यकर्त्याने प्रश्न विचारणाऱ्यास कापण्याची रीत सांगण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: बेणे कोठून आणले, टाकीत बटणांसारखे पॉलिप आहेत काय, आणि टाकाऊ पाणी कोठे जाते. या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तरच पाते हाती द्यावे. कलम करणारा माळी झाडाची, आपल्या बोटांची व बागेची काळजी एकाच वेळी घेतो. प्रवाळाचा तुकडा करणाऱ्यानेही टाकीतील जीव, घरातील माणसे आणि बाहेरचा समुद्र या तिघांची तितकीच काळजी घेतली, तर एका लहान तुकड्यापासून वाढलेली वसाहत पाहण्याचा आनंद निर्धोकपणे मिळेल आणि समुद्रातील प्रवाळ समुद्रातच राहतील.